हेड फेसिंगला देण्याआधी

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन उघडलंच आहे, तर कॉम्प्रेशनही (पिस्टन मिश्रण किती पटीने दाबतो ते प्रमाण) थोडं वाढवून घेऊ, असं सगळ्यांनाच वाटतं. वाढवा की. फक्त हेड (सिलिंडरवरचं झाकण) उचलून तडक मशीन शॉपला फेसिंगला, म्हणजे त्याचा सपाट तळ कापून घ्यायला, नेऊ नका, आधी वही-पेन घेऊन बसा.

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं इंजिन घेऊ. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८०.२६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे साधारण ४५० सीसी. कॉम्प्रेशन ८.८ असेल तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ५८ सीसी असते, आणि ९.५ हवं असेल तर ती ५३ वर आणावी लागते. सगळा खेळ या पाच सीसींचा. बोअर १ मिमीने वाढवणार असाल तर काहीही न कापता ८.८ चे जवळपास ९ होतात, तेवढं हिशेबातून वजा करा.

आता हेडमधल्या चेंबरचं, म्हणजे मिश्रण जळतं त्या पोकळीचं, मोजमाप. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, व्हॉल्व्हच्या सीटला हलकं ग्रीस लावा. वरून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवा आणि ब्युरेटमधून रंगीत केरोसीन सोडा. हेड किंचित तिरपं असू द्या आणि भोक सर्वांत उंच टोकाला येऊ द्या, नाहीतर बुडबुडा आत अडकून आकडा खोटा येतो. चारही चेंबर मोजा, ते सारखे निघणार नाहीत.

वर आलेला पिस्टन ब्लॉकच्या माथ्यापेक्षा किती खाली राहतो ते डायल गेजने बघा, पण गेजचं टोक पिस्टन पिनच्या रेषेवर ठेवून. कडेला ठेवलं तर पिस्टन डोलतो. इथला १ मिमी म्हणजे पाच सीसी. हेडमधून १ मिमी काढला तर त्याहून कमीच मिळतात, कारण चेंबरचं तोंड बोअरपेक्षा लहान असतं. म्हणून माझा कल आधी ब्लॉकची फेस घेण्याकडे असतो. पिस्टन हेडच्या सपाट भागाजवळ येतो, मिश्रण चांगलं घुसळलं जातं आणि नॉकिंगही (मिश्रण आपोआप भडकून होणारी टकटक) कमी होतं. गॅस्केट नवंच धरा, पण जाडी दाबल्यानंतरची.

मग पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा तपासा. पिस्टनवर प्लॅस्टिसिन ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि ठसा कापून मोजा. इनलेटला किमान २ मिमी, एक्झॉस्टला अडीच, एवढं हवंच. कापल्यामुळे हेड खाली आलं की रॉकरही (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) खाली येतो, त्यामुळे त्याला ढकलणारे पुशरॉड आखूड करायचे की रॉकरच्या स्टँडखाली शिम (पातळ चकत्या) घालायच्या हे आधीच ठरवा. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) हेडमध्ये असलेल्या इंजिनात चेन सैल पडते आणि कॅमचं टायमिंग मागे सरकतं, ते पुन्हा जुळवावं लागतं.

कास्ट आयर्नच्या हेडवर ९५ ऑक्टेन पेट्रोलसाठी मी ९.५ च्या आसपास थांबतो. ॲल्युमिनियमचं हेड उष्णता लवकर सोडतं, त्यामुळे तिथे थोडी मोकळीक मिळते. इनलेट उशिरा बंद करणारा कॅम असेल तरही आकडा थोडा चढवता येतो. चेंबरमधल्या धारदार कडा मात्र घासून गोल करा, त्याच लाल होऊन आग लावतात.

प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर विसरू नका. त्याच्या आतल्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील तर ॲडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडणं) लवकर येतो आणि सगळी मेहनत नॉकिंगमध्ये जाते. स्प्रिंगा बदला, स्ट्रोब लाइटने टायमिंग बघा, आणि पिस्टनच्या रिंगा बसल्यावर गाडी चढावर वरच्या गिअरमध्ये ओढायला लावून कान द्या. टकटक आली की टायमिंग दोन अंश मागे.