ईयूडीआर: सर्टिफिकेट नंतर, आधी शेत नकाशावर दाखवा

ईयूडीआर म्हणजे युरोपियन युनियनचा (ईयू) जंगलतोडविरोधी नियम. युरोपियन युनियनमध्ये कॉफी, कोको, रबर, सोया, पाम तेल, लाकूड, गुरं यातलं काही किंवा त्यापासून बनलेलं चॉकलेट, टायर, फर्निचर आणायचं असेल तर आधी त्याचा एचएस कोड (कस्टम्समध्ये मालाला असतो तो नंबर) या नियमाच्या पहिल्या परिशिष्टात आहे का बघा, नसेल तर सुटलात.

असेल तर सप्लायरकडे लगेच सर्टिफिकेट मागत बसू नका, ते जोडीला बरं पण नुसत्या त्याच्यावर भागत नाही. मागायचं ते शेताचं लोकेशन. ४ हेक्टरपर्यंत एक पॉइंट चालतो, त्यावर गेलं की हद्दीचा पूर्ण पॉलिगॉन (कडेकडेचे पॉइंट जोडून केलेला आकार) लागतो (गुरांना पॉइंट पुरतो), आणि अक्षांश-रेखांश दशांशचिन्हानंतर ६ आकड्यांपर्यंत हवेत. बऱ्याचदा मागचे आकडे शून्य मारून भरलेले असतात, नाहीतर व्यापाऱ्याच्या गोडाऊनचाच पॉइंट दिलेला असतो, त्यामुळे प्रत्येक फाइल नकाशावर उघडाच.

जिओजेसनमध्ये (लोकेशनच्या फाइलचा फॉरमॅट) रेखांश आधी आणि अक्षांश नंतर, आपल्याला सवय नेमकी उलटी. माझ्याकडे एकदा इथिओपियातल्या जिम्माची कॉफी आली होती, आकडे उलटे पडलेले, नकाशावर शेत थेट अल्जेरियात अन्नाबाजवळ! कागदावर सगळं ओके दिसत होतं.

मग सॅटेलाइट इमेज. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेलं शेत बाद. शिवाय जमिनीचा हक्क, मजुरी, कर हे त्या देशाच्या कायद्याप्रमाणे आहे का तेही बघायचं, हे लोक हमखास विसरतात.

खरी डोकेदुखी म्हणजे मिसळलेला माल. शेकडो शेतकऱ्यांची पोती एका ढिगात गेली की त्यातलं प्रत्येक शेत दाखवावं लागतं, आणि एकही नापास झालं अन् तेवढा माल वेगळा काढता आला नाही तर अख्खा ढीग अडकला. म्हणून खरेदीच्या वेळीच लॉट वेगळे ठेवायला सांगा. देश ईयूच्या लो रिस्क (जंगलतोडीचा धोका कमी) यादीत असेल तर रिस्कचं मूल्यमापन वाचतं, लोकेशन मात्र तरीही द्यावंच लागतं.

हे जमलं की ईयूच्या ऑनलाइन सिस्टीममध्ये ड्यू डिलिजन्स स्टेटमेंट (हे सगळं तपासलंय असं निवेदन) भरा, रेफरन्स नंबर मिळतो, तो कस्टम्सला लागतो. नियम लागू व्हायची तारीख दोनदा पुढे गेलीय, आता मोठ्या-मध्यम कंपन्यांना ३० डिसेंबर २०२६ आणि बहुतेक छोट्यांना ३० जून २०२७. रेकॉर्ड ५ वर्षं ठेवायचं, त्यात पॉलिगॉनच्या मूळ फाइली पण, नुसती पीडीएफ नको.