काँक्रीट स्लीपरवरील रुळाच्या बैठकीची झीज कशी रोखावी

काँक्रीटचा स्लीपर, म्हणजे रेल्वेच्या रुळांखालची आडवी तुळई, सर्वाधिक झिजतो तो रूळ टेकतो त्या बैठकीवर. झिजू लागलेल्या स्लीपरवरचा, रुळाखाली बसवलेला रबर पॅड उचलला की खाली राखाडी चिखल दिसतो आणि तो बोटांत चोळला की कचकच लागते. पाणी, हे बारीक कण आणि गाडीगणिक पॅडचे किंचित सरकणे यांमुळे आधी सिमेंटचा थर खरवडला जातो, मग खडी उघडी पडते. बोरघाटासारख्या १:३७ चढावर आणि तीव्र वळणांवर झिजेचा वेग वाढतो.

स्लीपर बनवताना बेसाल्टसारख्या कठीण दगडाची, धूळ धुतलेली खडी घ्यावी आणि पाण्याचे वजन सिमेंटच्या वजनाच्या ०.४ पटीपेक्षा कमी ठेवावे. सिमेंटच्या ५ ते १० टक्के सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिसूक्ष्म पूड) वापरल्यास खडीभोवतालचा कमकुवत थर घट्ट होतो. मात्र मिश्रण ताठर झाले म्हणून पाणी वाढवू नये, सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण सैल करणारे रसायन) वापरावे. स्लीपर साच्यात उलटा ओतला जात असल्याने बैठक तळाशी येते, म्हणून साच्याचा तो भाग स्वच्छ ठेवावा आणि बुडबुडे येणे थांबेपर्यंत कंपन द्यावे. काँक्रीट लवकर घट्ट व्हावे म्हणून वाफ देण्याची घाई मला सर्वांत घातक वाटते: ओतल्यानंतर दोन-तीन तास थांबून तापमान हळूहळू वाढवावे, ते ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये आणि पुढे काँक्रीट पुरेसे दिवस ओले ठेवावे.

तरीही पॅड हलत राहिला तर उत्तम काँक्रीटही झिजतेच. म्हणून रूळ स्लीपरला घट्ट धरणाऱ्या ढिल्या किंवा गंजलेल्या क्लिपा, त्यांच्याखालचे तुटलेले लायनर (पातळ पट्ट्या) आणि चेपून खाचा सपाट झालेले पॅड वेळेवर बदलावेत. स्लीपरांखाली आणि भोवती पसरलेल्या खडीत माती साचून पाणी तुंबत असेल, तर ती खडी चाळून घ्यावी.

बैठक झिजलीच असेल, तर वाहतूक बंद असताना रूळ उचलावा, सैल काँक्रीट खरवडून जागा धुवावी आणि पूर्ण कोरडी करावी, कारण ओलसर पृष्ठभागावर इपॉक्सी नीट धरत नाही. मग इपॉक्सी मॉर्टर (इपॉक्सी हा चिकट राळेसारखा पदार्थ आणि वाळू यांचे मिश्रण) भरून, रुळाला आत झुकवणारा १:२० उतार त्या उताराच्या मापाच्या पट्टीने तपासावा. मॉर्टर पक्के झाल्यावरच नवा पॅड बसवून क्लिपा ठोकाव्यात.