वस्तीतलं कायदा-मदतीचं टेबल: कॉर्पोरेट लॉ फर्मच्या पुणे कार्यालयानं ते कसं चालवावं

फर्मचं मुख्य कार्यालय मुंबईत किंवा दिल्लीत, पुण्याच्या शाखेत दहा-पंधरा वकील. ९ नोव्हेंबरला, राष्ट्रीय विधी सेवा दिनी, एक मोठं शिबिर होतं. मांडव, भाषणं, दीड-दोनशे माणसं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं बंद. त्या माणसांना माहितीपत्रक नको असतं. कुणाला नोटिशीला उत्तर लिहून हवं असतं, कुणाला अपील, आणि त्यासाठी वकील पुढच्या पंधरवड्यातही भेटावा लागतो. म्हणून शिबिराचा खर्च वाचवा आणि महिन्यातून दोन ठरलेल्या शनिवारी, एकाच जागी, बारा माणसांसाठी टेबल मांडा.

बारा का? एका माणसाला नीट ऐकायला आणि कागद वाचायला पंचवीस मिनिटं लागतात. दोन टेबलं, अडीच तास, म्हणजे बारा. तेराव्याला पुढच्या शनिवारचं टोकन द्या. फक्त त्याची मुदत त्याआधी संपत नाही ना, एवढं विचारून घ्या.

सुरुवातीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे गरजूंना मोफत वकील मिळवून देणाऱ्या सरकारी यंत्रणेला, पत्र द्या. पुण्यात त्यांचं कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. काय, कुठे, कधी करणार ते लिहा आणि त्यांच्या विधी स्वयंसेवकांपैकी वस्तीजवळ राहणारा कुणी मिळतो का ते विचारा. हा माणूस मिळाला की निम्मं काम झालं. लोक वकिलाच्या आधी त्याच्यावर विश्वास ठेवतात.

बॅनरचा प्रश्न आधीच मिटवा. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, अशील गोळा करता येत नाहीत. बॅनरवर ‘मोफत कायदेविषयक मार्गदर्शन’, वार, वेळ आणि जागा, इतकंच लिहा. फर्मचं नाव, व्हिजिटिंग कार्डं, आलेल्या माणसांबरोबरचे फोटो, यातलं काही नको. टेबलावर आलेलं काम नंतर फी घेऊन करायचं नाही, हेही कार्यालयानं लेखी ठरवावं. वस्तीत एकदा ‘हे गिऱ्हाईक शोधायला येतात’ असं बोललं गेलं की टेबल संपलं.

कॉर्पोरेट फर्मची खरी अडचण वेगळीच असते. वस्तीतली बरीच भांडणं बँक, फायनान्स कंपनी, बिल्डर किंवा मोठ्या ठेकेदाराशी असतात, आणि नेमके तेच फर्मचे अशील असू शकतात. माणसाची हकिकत ऐकून घेतली आणि मग कळलं की समोरची कंपनी आपलीच अशील आहे, तर ऐकलेलं विसरता येत नाही. दोन्हीकडची गुपितं तुमच्यापाशी येतात आणि दोघांशीही प्रामाणिक राहणं कठीण होतं. म्हणून फॉर्मवर नाव-पत्त्यानंतरचा पहिला प्रश्न ‘समोरची पार्टी कोण?’ हाच ठेवा.

स्वयंसेवकानं गुरुवारपर्यंत नावं गोळा करावीत. कार्यालयानं ती अशिलांच्या यादीशी ताडून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत निरोप द्यावा. नाव नोटिशीवर किंवा पावतीवर जसं छापलंय तसंच उतरवा. एकाच गटात सारख्या नावाच्या तीन-तीन कंपन्या असतात आणि ‘ती फायनान्सवाली’ एवढ्यावर तपासणी होत नाही. हितसंबंधांचा संघर्ष निघाला, म्हणजे समोरची पार्टी आपलीच अशील निघाली, तर ‘हे काम आम्हाला घेता येत नाही’ एवढंच सांगा, कारण सांगू नका. अशिलाचं नाव उघड करणं हाही विश्वासघातच. मात्र त्या माणसाला रिकाम्या हाती पाठवू नका. चिठ्ठीवर प्राधिकरणाचा पत्ता, १५१०० ही हेल्पलाइन आणि नोटिशीवर दिसणारी शेवटची तारीख ठळक लिहून द्या.

आता शनिवारचं टेबल. माणूस येतो तो प्लास्टिकची पिशवी घेऊन. तिच्यात लाइट बिलं, रेशनकार्डाची झेरॉक्स, दवाखान्याचे कागद, पासबुक आणि मधेच कुठेतरी ती नोटीस. पिशवी त्यालाच रिकामी करू द्या. मग कागद तारखेप्रमाणे डावीकडून उजवीकडे मांडा. नोटिशीचा लिफाफा असेल तर तो सर्वांत जपा. त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून कागद केव्हा हातात पडला ते दाखवता येतं आणि पुष्कळदा मुदत तिथूनच मोजली जाते. मूळ कागद ठेवून घेऊ नका. झेरॉक्स काढा, मूळ परत द्या आणि ‘मूळ कागद परत मिळाले’ अशी सही फॉर्मवर घ्या. हे चुकलं तर एखादा हरवलेला कागद पुढे वर्षभर तुमच्या नावावर राहतो.

फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं मुदत लिहा. ठेकेदारानं मजुरीचा दिलेला चेक परत आला असेल तर बँकेकडून ते कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. ती मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, आणि तेही उलटले की तक्रारीला एक महिना. माहिती अधिकारातल्या पहिल्या अपिलाला उत्तर मिळाल्यापासून ३० दिवस, ग्राहक तक्रारीला दोन वर्षं. सल्ला उत्तम दिला आणि तारीख गेली, तर त्या सल्ल्याचा उपयोग शून्य.

भाड्याच्या खोलीचे प्रश्न सतत येतील. अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झालं, नोंदणी लागत नाही, असा समज पक्का बसलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. डिपॉझिट अडकलेल्या माणसाला ही एक ओळ फार बळ देते. नोटिशीत ती वापरा.

प्रतिज्ञापत्रांबद्दलही स्पष्ट सांगा. जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पसाठी बाहेर रांगेत उभं राहिलेल्या बाईचा दिवस आणि पैसे दोन्ही वाचतात.

घरगुती हिंसाचार, पोटगी, फौजदारी खटला, यात कॉर्पोरेट वकिलानं धाडस करू नये. ते काम रोज करणारे वकील प्राधिकरणाच्या पॅनेलवर असतात. मोफत वकिलासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. अर्ज तिथेच लिहून द्या. दोन टेबलांत किमान दहा-बारा फूट अंतर ठेवा आणि बाईबरोबर आलेल्या दिराला किंवा सासूला थोडा वेळ बाहेर बसवा, नाहीतर खरी गोष्ट तोंडातून निघतच नाही.

ज्यात तुमचा हात खरोखर चांगला, ते काम म्हणजे छोट्या संस्थांची कागदपत्रं. बालवाडी किंवा अभ्यासिका चालवणारा ट्रस्ट दहा वर्षं काम करतो, दोन विश्वस्त वारलेले असतात आणि धर्मादाय कार्यालयात त्यांचीच नावं उभी. बँक सही बदलून देत नाही, देणगी अडते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. उशीर झाला असेल तर उशीर माफीचा अर्ज जोडा. आधी शेड्यूल एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा, उतारा काढा, मग ठरावांचं पुस्तक वाचा. सभेची सूचना, उपस्थितांच्या सह्या आणि ठराव यांच्या तारखा एकमेकींशी जुळत नसतील तर अर्ज तिथेच अडतो. शेअर-ट्रान्सफरची फाइल तपासणारा असोसिएट, म्हणजे फर्मचा पगारी वकील, हे दोन तासांत हुडकून काढतो.

नोटिसा मराठीतच लिहा. ज्याच्या वतीनं पाठवायची त्याला ती वाचून दाखवा, मगच सही. इंग्रजी मसुद्याचा शब्दशः तर्जुमा करू नका. ‘दि. ५ रोजी रु. २०,००० डिपॉझिट दिले, खोली दि. ३० रोजी रिकामी केली, रक्कम परत मिळाली नाही’ इतकं सरळ पुरतं. स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती फॉर्मला टाचा. इंटर्ननं फॉर्म भरावा, झेरॉक्स काढावी. सल्ला मात्र सनद असलेल्या वकिलानंच द्यायचा.

हे टेबल बंद पडतं ते बहुधा मार्च एंडला. ज्या तासांची टाइमशीटमध्ये, म्हणजे कामाच्या तासांच्या हिशेबात, नोंद नाही ते तास असोसिएटला परवडत नाहीत. तेव्हा या कामाला वेगळा कोड द्या, वर्षाच्या मूल्यमापनात ते तास धरा, आणि एका पार्टनरनं महिन्यातून एकदा तरी स्वतः टेबलावर बसावं. दुसरं कारण म्हणजे नोकरी सोडून जाणारा असोसिएट. त्याच्या मोबाइलवर वस्तीतल्या चाळीस माणसांचे नंबर असतात आणि तो गेला की त्यांचा दुवा तुटतो. टेबलाचा मोबाइल आणि सिम कार्यालयाच्या नावावर घ्या. प्रत्येक फॉर्मचा नंबर, पुढची तारीख आणि आता कुणाकडे आहे, हे एका जाड रजिस्टरमध्ये लिहा. जाणाऱ्यानं शेवटच्या शनिवारी नव्या वकिलाला शेजारी बसवून उघडी कामं एकेक करून सोपवावीत, आणि त्या प्रत्येक माणसाला त्याच दिवशी फोन करून नवं नाव सांगावं.