बंदुकीच्या कायद्यावर वाद घालण्याआधी

वादविवाद स्पर्धांसाठी मी मुलांची तयारी करून घेते. ‘खासगी बंदुकांवर बंदी हवी का?’ हा विषय आला की आधी त्याचे तुकडे करायला लावते. कुठली बंदूक? पिस्तूल, शिकारीची दुनळी, की एक गोळी सुटल्यावर पुढची आपोआप भरणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल? आणि कायदा कसला? सरसकट बंदी, परवाना, विक्रीआधी पूर्वेतिहासाची तपासणी, की घरात कुलपात ठेवण्याची सक्ती? हे ठरलं नाही तर दोन्ही बाजू तासभर भांडतात आणि एकमेकांच्या मुद्द्याला शिवतही नाहीत.

मग मृत्यू वेगवेगळे मांडा. इथे घाई नको. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. खुनांत पिस्तुलं रायफलींपेक्षा कितीतरी जास्त वापरली जातात. बातम्यांत दिसतो तो सामूहिक गोळीबार, पण एकूण मृत्यूंत त्याचा वाटा लहान आहे. तेव्हा फक्त रायफलबंदीने मृत्यू निम्म्यावर येतील असं कुणी म्हणालं, तर हिशेब मागा. ‘गुन्हेगार कुठे कायदा पाळतात?’ म्हणणाऱ्यालाही विचारा: आत्महत्येचं काय? तिथे गुन्हेगारच नाही. स्वित्झर्लंडमध्ये सैनिक लष्करी बंदूक घरी ठेवू शकतात. त्या देशाने 2003 नंतर सैन्य जवळपास निम्म्यावर आणलं, तशा घरोघरच्या या बंदुका कमी झाल्या आणि सैन्यात असण्याच्या वयाच्या पुरुषांतल्या आत्महत्याही घटल्या. माझ्या मते बंधनांच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तोच सगळ्यात कमी मांडला जातो.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण येणारच. 1996 साली तिथल्या पोर्ट आर्थर गावी एका बंदूकधाऱ्याने 35 माणसं मारली, त्यानंतर सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. मृत्यू घटले. पण ते 1996 च्या आधीपासूनच घटत होते, हेही तुम्हीच सांगा. समोरच्याने काढलं तर तुम्ही लपवल्यासारखं दिसतं.

आता विरुद्ध बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडून बघा. आडरानातल्या घरात एकटी राहणारी बाई, पोलीस पोचायला तास लागणार. तिने काय करायचं? ऑस्ट्रेलियात स्वसंरक्षण हे परवान्याचं कारण धरत नाहीत. उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या हेलर खटल्यात घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क मानला, आणि त्याच निकालात हा हक्क अमर्याद नसल्याचंही म्हटलं. पुष्कळ वक्ते यातलं अर्धंच वाक्य वाचतात. खरा झगडा इथे आहे, आकडे तो सोडवू शकत नाहीत. शेवटची दोन मिनिटं यासाठी राखा.

आणि समोर बसलेल्यांत कुणाच्या घरी असं घडलेलं असू शकतं. मृतांचे फोटो युक्तिवाद म्हणून दाखवू नका. आत्महत्येला ‘भ्याडपणा’ म्हटलेलं मी सरावातही चालू देत नाही.