आश्रमशाळेतलं पोर दारू पिऊन आलं तर

आधी एवढं करा: दाखला हातात देऊन त्याला घरी धाडू नका. माझी सगळी नोकरी गडचिरोलीच्या आश्रमशाळांत अधीक्षक म्हणून झाली. असं घरी गेलेलं पोर पुढच्या जूनमध्ये परत आलेलं क्वचितच पाहिलं.

त्या रात्री काही बोलायचं नाही. कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही, आणि कुणीतरी शेजारी जागं राहा. हलवूनही जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल किंवा अंग गार पडलं असेल, तर लगेच 108. लिंबूपाण्याने, आंघोळीने दारू उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी एकट्याला गाठा. ऑफिसात नको, भाजीच्या वाफ्यात काम करता करता. ‘का प्यालास?’ म्हटलं की मान खाली जाते. ‘काहून गा, रात्री झोप येत नाही का?’ म्हटलं की तो बोलतो. मग कुणासोबत, कधीपासून, पैसे कुठून. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून पोरांच्या हाती रोख येते, तिथे बऱ्याचदा सुरुवात सापडते. कधी ती त्याहून मागे असते. माडिया बोलणारं पोर वर्गात मराठी अडखळत वाचतं, बाकीचे हसतात, ते हात उचलतं, आणि आपण ‘वांड’ म्हणून मोकळे होतो. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), दारू त्यानंतर. अशा वेळी त्याची भाषा येणारी स्वयंपाकीण मावशी आपल्यापेक्षा जास्त कामाची.

‘तुमच्यात चालतंच’ हे वाक्य तोंडातून काढू नका. पेनाला, म्हणजे त्यांच्या देवाला, मोहाच्या दारूची धार देतात ती जाणत्यांच्या हातून, कार्यापुरती. 1993 पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात चोरवाटेने येणारा पव्वा वेगळा. हा फरक पोराला आपल्यापेक्षा नीट कळतो, त्यालाच विचारा.

आता विकणारा. बाल न्याय कायदा 2015, कलम 77: अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मुलाकडून दारू विकवली किंवा वाहून नेली तर कलम 78. तक्रार द्याच, पण विषय ग्रामसभेतही न्या. आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने नशाबंदीचा अधिकार तिलाही दिलाय. गावातल्या बायांसमोर उभं राहणं विकणाऱ्याला ठाण्यापेक्षा जड जातं, असा माझा अनुभव.

रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवू नका. अचानक बंद केल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटकेही येऊ शकतात. डॉक्टरच हवा. व्यसनमुक्तीसाठी 14446, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416; दोन्ही फोन फुकट. ‘जगायचं नाही’ असं म्हणाला, तर प्यालेला असो वा नसो, त्याला एकटं सोडू नका.

आईबापाला बोलवायचं तर बाजाराच्या दिवशी बोलवा. एरवी त्यांची मजुरी बुडते.