स्यूडोकोड कुठल्याही स्टाइलमध्ये लिहा, फक्त ॲरे कुठून मोजताय ते आधी ठरवा

ब्लॅक बुकचं, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधलेल्या रिपोर्टचं, सबमिशन जवळ आलं की ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात: ‘दादा, स्यूडोकोड कुठल्या स्टाइलमध्ये लिहू?’ स्यूडोकोड म्हणजे अल्गोरिदमच्या पायऱ्या कोडसारख्या साध्या ओळींत; कुठल्याही स्टाइलमध्ये लिही बाबा. बिगिन-एंड चालेल, नुसतं इंडेंटेशन चालेल. असाइनमेंटला, म्हणजे व्हेरिएबलला किंमत देण्याला, सीएलआरएसच्या (अल्गोरिदमचं नेहमीचं जाडजूड पुस्तक) दुसऱ्या आवृत्तीत बाण होता, २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याजागी बरोबरचं चिन्ह आलं. अल्गोरिदमचं काही बिघडलं नाही. गाइड बाणावरच अडून बसले तर मुकाट बाणच लिहा. गाइडशी भांडायची ताकद जपून ठेवा, ते टॉपिक बदला म्हणतील तेव्हा लागेल.

मला रडवलं ते इंडेक्सने, म्हणजे ॲरेतल्या (ओळीने लावलेल्या आकड्यांच्या यादीतल्या) जागेच्या नंबराने, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

हीप म्हणजे ॲरेत ठेवलेलं आकड्यांचं झाड: प्रत्येक जागा एक नोड, त्याच्या खालचे दोन त्याचे चाइल्ड, आणि सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात वर, रूटला. सीएलआरएसमधला हीप १ पासून मोजतो. नोडच्या नंबराची दुप्पट केली की डावा चाइल्ड, त्यात एक मिळवला की उजवा. हीप बांधणारा लूप मधून सुरू होऊन उलटा १ पर्यंत येतो. आता हेच पायथॉनमध्ये जसंच्या तसं उतरवा. इंडेक्स बाहेर गेल्याची एरर येते, म्हणून तुम्ही तेवढी हद्द दुरुस्त करता आणि पुढे जाता. पण शून्याची दुप्पट शून्यच! म्हणजे रूट स्वतःचाच डावा चाइल्ड झाला. शिवाय लूप १ वरच थांबतो, त्यामुळे शून्याव्या जागेला कुणी हातच लावत नाही. प्रोग्राम मात्र क्रॅश होत नाही. ९, ४, ७, १ दिलं की वर ९ दिसतो, सगळे खूश. ४, ९, ७, १ द्या, वर ४ तसाच बसलेला असतो. आणि एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) नेमकं दुसरंच इनपुट देतात.

अशा वेळी आपण हीपिफायमध्ये (लहान आकडा खाली सरकवणाऱ्या फंक्शनमध्ये) प्रिंट टाकत बसतो. तिथल्या अदलाबदलीत काही चुकलेलंच नसतं, चूक चाइल्डच्या सूत्रात आणि लूपच्या हद्दीत असते.

कोड शून्यापासून असेल तर स्यूडोकोडही शून्यापासूनच लिहा, पुस्तकात काहीही असो. मग चाइल्ड दुप्पट अधिक एक आणि दुप्पट अधिक दोन, पेरेंट काढताना आधी एक वजा करून मग निम्मं, आणि लूप ० पर्यंत. यातलं एक जरी बदलायचं राहिलं तरी मेलात. सीएलआरएसच्या २०२२ च्या चौथ्या आवृत्तीत सबॲरेसाठी (ॲरेच्या तुकड्यासाठी) कोलन आलाय, तोही बघून घ्या: तिथे दोन्ही टोकं धरतात, पायथॉन शेवटचं सोडतो. चिन्ह तेच, त्यामुळे डोळ्यांना संशयही येत नाही. म्हणून पहिल्या अल्गोरिदमच्या वर दोन ओळी टाकाच: ॲरे कुठून सुरू होतो आणि ‘पर्यंत’मध्ये शेवटचा धरलाय का.

लेटेकचं (रिपोर्ट टाइपसेट करायचं सॉफ्टवेअर) एवढंच: ‘अल्गोरिदम’ आणि ‘अल्गोरिदम-टू-ई’ ही दोन्ही पॅकेजेस एकत्र लोड करू नका, नावांची टक्कर होते. सिनिअरच्या ब्लॅक बुकातून फॉरमॅट खुशाल उचला, अल्गोरिदम नको. त्याने तो कुठून उचलला होता हे त्यालाही आठवत नसतं.

आणि एवढं टेन्शन घेऊ नका. चार आकडे घ्या, सगळ्यात मोठा आळीपाळीने प्रत्येक जागी ठेवा आणि स्यूडोकोड कागदावर ओळीने चालवून बघा. चहा गार व्हायच्या आत होतं.