रायफलीचा चाप बिघडलाय? पेचकस हाती घेण्याआधी

पावसाळा सरतो, तुरीला कळ्या धरतात, वावरात जागल सुरू होते आणि कपाटातली .315 बोअरची रायफल बाहेर निघते. तेव्हाच लक्षात येतं की चाप जड झालाय, करकरत ओढला जातो, नाहीतर आधी जिथे सुटायचा तिथे आता सुटत नाही. अशा वेळी ‘स्प्रिंग जरा कापून घे, हलका होईल’ असा सल्ला कोणीतरी देतोच. तो ऐकू नका. आपल्याकडे चाप बिघडण्यामागे बहुतेक वेळा धूळ, घट्ट झालेलं तेल आणि आकसलेलं किंवा फुगलेलं लाकूड असतं. यातलं काहीही स्प्रिंग कापून दुरुस्त होत नाही. मूळ दोष तसाच राहतो आणि वर रायफल भरवशाची उरत नाही.

आधी कायद्याचं बघू, कारण त्यावरूनच घरी काय करायचं आणि काय नाही हे ठरतं. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे शस्त्र दुरुस्तीचा परवाना नव्हे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार दुरुस्तीसाठी वेगळा परवाना लागतो. म्हणून तपासणी, वजन मोजणं, साफसफाई आणि दस्त्याची निगा एवढंच मालकाचं काम. सिअर (चाप ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा खटका) घासणं, चाप किंवा स्प्रिंग बदलणं, सेटिंग फिरवणं हे परवानाधारक गनस्मिथचं काम. गावातल्या वेल्डिंगवाल्याचा हात कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे हे काम देऊ नका. आणि रानडुक्कर असो की रोही, वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 11 खालची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय गोळी चालवता येत नाही.

आत नेमकं काय होतं

इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या .315 चा साचा जुन्या ली-एनफिल्डचा, म्हणजे ब्रिटिश लष्करी रायफलीचा. बोल्टच्या मागच्या टोकाला कॉकिंग पीस असतो आणि तो आत फायरिंग पिनला जोडलेला असतो. बोल्ट पुढे ढकलला की कॉकिंग पीसची खाच सिअरवर अडते आणि उरलेल्या ढकलीत मुख्य स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की सिअर खाली जातो, खाच सुटते, पिन पुढे धावते.

चापाच्या वरच्या अंगाला दोन बारीक उंचवटे असतात. पहिला सिअरला टेकतो तेव्हा बोटाला लांब, मऊ ओढ लागते. मग दुसरा टेकतो आणि ओढ एकदम जड होते. त्या पायरीनंतर थोडं दाबलं की पिन सुटते. लष्करी ली-एनफिल्डमध्ये पहिली ओढ 3 ते 4 पौंड आणि पूर्ण ओढ साधारण 5 ते 6.5 पौंड, म्हणजे 2.3 ते 2.9 किलो धरतात. त्यामुळे 2.5 किलोचा चाप हा बिघाड नाही, तो तसाच बनवलेला आहे. दोन टप्प्यांची सवय नसलेल्याला पहिली मऊ ओढ ‘ढिलाई’ वाटते. ती काढून टाकायला सांगू नका.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. या जुन्या साच्यात चाप पोलादी बॉडीला नाही, खालच्या ट्रिगर गार्डला पिनने बसवलेला असतो, आणि सिअर असतो वर बॉडीत. दोघांच्या मध्ये लाकूड. लाकूड हललं की चाप आणि सिअर यांच्यातलं अंतर बदलतं.

तपासणी

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबरमध्ये उजेडात बघा आणि करंगळी घालूनही चाचपा. नळीचं तोंड भरीव मातीच्या भिंतीकडे किंवा रेतीच्या पोत्याकडे असू द्या. चाप वारंवार सोडून बघायचा असेल तर चेंबरमध्ये स्नॅप कॅप (दारू नसलेलं नकली काडतूस) घाला. .22 असेल तर ती हवीच, कारण रिकामी सोडली तर पिन चेंबरच्या कडेवर आदळून कड चेपते.

वजन मोजायला महागडं साधन लागत नाही. खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या आणि किराणा दुकानाच्या काट्यावर त्याचं रिकामं वजन करून घ्या. त्यात दीड लिटर पाणी भरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सायकलच्या स्पोकचा आकडा करून तो चापावर, बोट टेकतं त्याच जागी अडकवा. आकडा गार्डला किंवा दस्त्याला घासला तर माप चुकेल. बोल्ट बंद करून रायफल कॉक करा, नळी सरळ वर धरा आणि कॅन जमिनीवरून हळूहळू उचला. कॅन उचलला गेला आणि पिन पडली नाही, तर 100 मिली पाणी वाढवा. पिन पडेल तेव्हाचं वजन लिहून ठेवा. असं पाच वेळा करा. पाचही आकडे 100-150 ग्रॅमच्या आत असतील तर चाप जड असला तरी शहाणा आहे. एकदा 2.2 आणि एकदा 3.1 आला तर आत घाण आहे, गंज आहे किंवा काहीतरी घासतंय. वजन जास्त असण्यापेक्षा वजन बदलतं असणं वाईट.

आता सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण. रायफल कॉक करून बाजूने धरा, नजर कॉकिंग पीसवर ठेवा आणि चाप अगदी सावकाश ओढा. सुटण्याआधी कॉकिंग पीस केसभर मागे सरकला पाहिजे, निदान जागचा हलता कामा नये. मागे सरकतो म्हणजे खाचेचा कोन सिअरला धरून ठेवणारा आहे. तो जर पुढे सरकताना दिसला, तर कोन उलटा झालाय आणि मुख्य स्प्रिंगच सिअरला खाली ढकलते आहे. ती रायफल त्याच क्षणी बाजूला ठेवा. तिचा चाप बोटाला कितीही गोड लागत असला, तरी दस्ता आपटला तरी सुटेल अशी ती झाली आहे. कोणीतरी कानस लावून ‘हलका’ केलेल्या रायफलीत हाच दोष सापडतो. खाच आणि सिअर यांचा कडक थर पातळ असतो. कानस तो थर काढून टाकते, खालचं मऊ लोखंड उघडं पडतं आणि महिनोन्महिने झिजत जातं.

साफसफाई

वजन बदलतं येत असेल तर आधी हेच करा. बोल्ट बाहेर काढा. काळ्या मातीची धूळ आणि पराटीचा भुसा तेलात मिसळला की त्याची लेई होते. ती सिअरच्या खोबणीत आणि चापाच्या पिनेभोवती साठते. जुन्या टूथब्रशला रॉकेल लावून वरून, बोल्टच्या मार्गातून सिअरचा माथा घासा. खालून गार्डच्या फटीतून चापाभोवती घासा. रॉकेलचा मारा करू नका, ब्रश ओला असला की पुरे. दस्त्यात मुरलेलं रॉकेल लाकूड खराब करतं. मग सुती कापडाने कोरडं करा आणि तासभर तसंच ठेवा.

तेल शिलाई मशीनचं, तेही टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच: चापाच्या पिनेला एक थेंब, सिअरच्या पिनेला एक थेंब. खोबरेल, मोहरी, इंजिन ऑईल किंवा ग्रीस यातलं काहीही नको. खोबरेल हिवाळ्याच्या पहाटे थिजतं, आणि जागल नेमकी त्याच वेळी असते. बाकीची तेलं धूळ धरतात.

साफ केल्यावर पुन्हा पाच वेळा वजन घ्या. बऱ्याच रायफली इथेच सुधारतात.

लाकूड आणि स्क्रू

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 46-47 वर जातो आणि दोन महिन्यांत तीच रायफल ओल धरलेल्या भिंतीला टेकून उभी असते. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, गार्ड वर सरकतो, चाप सिअरला वेळेआधी टेकतो आणि सिअरची पकड अपुरी पडते. ओढ अचानक आखूड झाली तर हे समजा, आणि याला चांगलं लक्षण मानू नका. पावसाळ्यात उलट: लाकूड फुगतं किंवा स्क्रू ढिला होतो, गार्ड खाली जातो, चाप बराच वेळ पोकळ फिरतो आणि दुसऱ्या ओढीची पायरी हरवते.

गार्डच्या पुढच्या स्क्रूवर नजर ठेवा. त्याच्याभोवती लाकडात एक छोटी पोलादी नळी, कॉलर, असते. स्क्रू कसल्यावर लाकूड चेपू नये म्हणून ती ठेवलेली असते. कोणी रायफल उघडून ती कॉलर हरवली असेल, तर स्क्रू कसेल तसा चाप बदलत जातो. ढिला दिसतो म्हणून जोर लावून कसू नका. गनस्मिथला कॉलर आहे का ते आधी बघायला सांगा.

लाकडाला जवसाचं कच्चं तेल लावा. आपल्याकडे घाण्यावर मिळतं तेच चालतं, आणि एनफिल्डच्या दस्त्यांना पूर्वापार हेच लावत आले आहेत. तळहातावर चार-पाच थेंब घेऊन हात गरम होईतो चोळा, दुसऱ्या दिवशी कोरड्या कापडाने पुसा. उन्हाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्याआधी एकदा लावलं की भागतं. दोन गोष्टी सांभाळा. जवसाचं तेल सुकून पापुद्रा धरतं, म्हणून ते चापाकडे जाऊ देऊ नका. आणि तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवा.

गनस्मिथकडे देताना

रायफल रिकामी, कव्हरमध्ये. परवान्याची मूळ प्रत सोबत. पावतीवर रायफलीचा नंबर लिहून घ्या. ‘हलका करून द्या’ असं मोघम सांगू नका. मोजलेले पाच आकडे आणि कॉकिंग पीस कुठे सरकतो ते सांगा. पूर्ण ओढ 2.3 किलोच्या आसपास, दोन्ही पायऱ्या शाबूत, एवढं मागा. जागलीच्या रायफलीला 1.5 किलोच्या खाली कधीही नेऊ नका. थंडीत बधिर झालेल्या बोटाला त्याहून हलका चाप कळतच नाही.

.315 ला तयार चाप आणून बसवला असं सहसा होत नाही. चाप, सिअर आणि कॉकिंग पीस एकमेकांना घासून जुळवलेले असतात. एक बदलला की बाकी दोन पुन्हा जुळवावे लागतात. कॉकिंग पीस फायरिंग पिनवर आट्यांनी चढतो, म्हणून तो बदलला तर पिनचं टोक किती बाहेर येतं ते मोजायलाच हवं: साधारण 1 ते 1.25 मिलिमीटर. कमी आलं तर काडतूस फुसकं जातं, जास्त आलं तर काडतुसाच्या बुडाची टोपी (प्रायमर) फुटते.

मॉझर 98 या जुन्या जर्मन रायफलीच्या साच्याला मात्र बाहेरच्या कंपन्यांचे पूर्ण चाप-संच मिळतात. नव्या रायफलींत, उदाहरणार्थ टिक्का टी-3 मध्ये, ओढीचं वजन 1 ते 2 किलो बदलायला एक स्क्रू असतो. इतर काही संचांत तीन स्क्रू दिसतात: एक वजनाचा, एक सिअरच्या पकडीचा, एक सुटल्यानंतरच्या फाजील हालचालीचा. वजनाचा स्क्रू फिरवणं तुलनेने निरुपद्रवी. पकडीचा स्क्रू अर्धा आटा चुकला तरी रायफल बोल्ट बंद करताच सुटू शकते. स्क्रू हलू नयेत म्हणून लावायचं लॉकिंग द्रव्य थेंबभरच हवं. रेमिंग्टनने 2014 मध्ये मॉडेल 700 आणि मॉडेल सेव्हनच्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली परत मागवल्या, त्याचं कारण हेच होतं: जोडणीत चिकटद्रव्य जास्त झालं होतं आणि चाप न ओढता रायफल सुटण्याचा धोका होता.

परत आल्यावर

काडतूस घालण्याआधी, दुकानातच, गनस्मिथसमोर रिकाम्या रायफलीवर तीन चाचण्या करा. बोल्ट दहा वेळा जोरात पुढे मारून बंद करा. कॉकिंग पीस दहाही वेळा मागेच अडला पाहिजे. मग सेफ्टी लावून चाप जोरात ओढा, सोडा, बोट बाहेर घ्या आणि सेफ्टी काढा. पिन पडता कामा नये. शेवटी कॉक करून, सेफ्टी काढून, दस्ता चौपदरी पोत्यावर वीतभर उंचीवरून सरळ आपटा, पाच वेळा. एकदाही पिन पडली तर रायफल तिथेच ठेवा, पावतीवर तसं लिहून घ्या. तिन्ही जमल्या तर पाण्याच्या कॅनने पुन्हा पाच आकडे घ्या आणि तारखेसह परवान्याच्या पिशवीत ठेवा. पुढच्या मे महिन्यात आणि पुढच्या पावसाळ्यानंतर याच आकड्यांशी ताडून बघायचं आहे.